दोनदा सोडलेली गोळी: गाऊटच्या एका रुग्णाचे प्रकरण

(ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

पार्श्वभूमी

पुरुष, वय ५४, उंची १७० सेंटिमीटर, वजन ८८ किलो. नऊ वर्षांपासून रक्तदाबासाठी रोज एक जोडगोळी: टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिग्रॅ. मधुमेह नाही. वडिलांना ‘पायाच्या अंगठ्याचं दुखणं’ होतं, एवढीच कौटुंबिक माहिती.

पहिला झटका ४६ व्या वर्षी, म्हणजे रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यावर वर्षभरात आला. पहाटे तीनच्या सुमारास उजव्या पायाचा अंगठा लाल होऊन सुजला. पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना. एक्स-रे स्वच्छ निघाला, मुरगळल्याचे निदान झाले, वेदनाशामक गोळ्या मिळाल्या आणि आठ दिवसांत सगळे ओसरले. ते औषधाने ओसरले असे सर्वांनी धरले. खरे तर गाऊट, म्हणजे रक्तातल्या जादा युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणारा संधिवात, याचा झटका काहीही केले नाही तरी बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप शमतो. त्यामुळे त्या काळात जे काही घेतले जाते, मग तो लेप असो, काढा असो की गोळी, त्याला यशाचे श्रेय मिळून जाते. या रोगाभोवती इतके गैरसमज का आहेत, याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

चौदा महिन्यांनी दुसरा झटका आला. ऐन झटक्यात रक्त तपासले, युरिक ॲसिड ६.४ मिग्रॅ/डेसिलिटर निघाले. ‘नॉर्मल आहे, म्हणजे गाऊट नाही’ असे सांगून संसर्ग समजून प्रतिजैविके दिली गेली. झटका चालू असताना रक्तातले युरिक ॲसिड तात्पुरते उतरू शकते. त्या वेळचा नॉर्मल अहवाल गाऊट नाकारायला उपयोगी नाही; झटका शमल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा मोजावे लागते. ते मोजले गेले नाही.

तिसऱ्या झटक्यानंतर आकडा ८.९ आला आणि युरिक ॲसिड कमी करणारे ॲलोप्युरिनॉल सुरू झाले, थेट ३०० मिग्रॅ. बाराव्या दिवशी घोटा सुजला. गोळी ‘उलटली’ म्हणून बंद. मग तीन वर्षे फक्त पथ्य: मांस, मासे, कडधान्ये, पालक, टोमॅटो सगळे वर्ज्य. त्या जागी आले फळांचे गोड रस, कारण ते ‘हलके’. आकडा ९.२ वरून ८.५ वर आला आणि तिथेच थांबला.

दुसऱ्यांदा ॲलोप्युरिनॉल सुरू झाले तेव्हा क्रियाटिनिन (मूत्रपिंड मंदावले की रक्तात वाढणारा घटक) थोडे वाढलेले होते, म्हणून ‘किडनीमुळे १०० च्या वर जायचे नाही’ असे ठरले. पाच महिन्यांनी अहवालात ७.० आले. छापील नॉर्मल मर्यादा ७.२ होती. अहवालावर खूण नाही, म्हणजे बरे झालो, असे समजून गोळी दुसऱ्यांदा बंद झाली.

मधल्या काळात वर्षाला चार-पाच झटके येत होते आणि प्रत्येक वेळी डायक्लोफेनाक या वेदनाशामकाची पाकिटे संपत होती.

समस्या

या वेळी ते आले ते उजवा गुडघा आठ दिवस सुजलेला, गरम, वाकवता न येणारा अशा स्थितीत. ताप ३८.२ अंश. डाव्या कोपराच्या मागे १८ मिलिमीटरची टणक, न दुखणारी गाठ होती. ती ‘चरबीची’ म्हणून दोन वर्षे दुर्लक्षित राहिली होती. युरिक ॲसिड ७.१. क्रियाटिनिन १.८, वर्षापूर्वी ते १.३ होते.

डॉक्टरांपुढे एकाच वेळी तीन कोडी होती. गुडघ्यात गाऊट आहे की पू? मूत्रपिंड कशाने बिघडले? आणि ज्या औषधावरचा विश्वास दोनदा उडाला आहे, तेच तिसऱ्यांदा कसे द्यायचे?

पहिला निर्णय: सुई घालायची की नाही

जुना गाऊटचा रुग्ण, सुजलेला सांधा. अनेक ठिकाणी इथेच निदान संपते. पण ताप होता, आणि गाऊट व सांध्यातला जंतुसंसर्ग एकाच गुडघ्यात एकत्र असू शकतात. संसर्ग असताना स्टेरॉइड दिले तर सांधा काही दिवसांत कायमचा खराब होऊ शकतो. म्हणून आधी पाणी काढले. ३५ मिली गढूळ द्रव निघाला, पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला ३८,०००. ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या आत सुईसारखे स्फटिक दिसले, ऋण द्विअपवर्तन असलेले, म्हणजे मोनोसोडियम युरेट, युरिक ॲसिडचा क्षार. ही चाचणी १९६१ पासून उपलब्ध आहे आणि आजही निदानाचा सर्वांत पक्का पुरावा तीच. या रुग्णाच्या बाबतीत ती आठ वर्षांत पहिल्यांदा झाली.

ग्रॅम रंजनात जंतू दिसले नाहीत, तरी कल्चरसाठी (द्रवातले जंतू वाढवून पाहण्यासाठी) ४८ तास थांबायचे ठरले. या पेशीसंख्येत संसर्ग असू शकतो आणि नसूही शकतो. केवळ आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. तोवर बर्फाचा शेक, पॅरासिटामॉल आणि गाऊटचा दाह रोखणारे कोल्चिसिन ०.५ मिग्रॅ दिवसातून एकदा. द्रव काढल्यानेच निम्मा ताण उतरला होता.

झटका शमवण्याचे पर्याय

डायक्लोफेनाक आणि त्याची भावंडे लगेच बाद झाली. टेल्मिसार्टन, मूत्रल (लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड) आणि वेदनाशामक हे त्रिकूट मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तीन बाजूंनी आवळते. क्रियाटिनिन १.३ वरून १.८ वर जाण्याचा सर्वांत संभाव्य गुन्हेगार हाच होता. ‘युरिक ॲसिडच्या गोळीने किडनी जाते’ या भीतीने ॲलोप्युरिनॉल सोडायचे आणि महिन्याला दोन पाकिटे डायक्लोफेनाक घ्यायचे, हा उलटा व्यवहार गाऊटमध्ये फार दिसतो.

कोल्चिसिन झटका सुरू झाल्यापासून पहिल्या १२ ते ३६ तासांत घेतले तर खरे काम करते. आठव्या दिवशी त्याच्याकडून फार अपेक्षा नव्हती; ते थोड्या प्रमाणात पुढच्या संरक्षणासाठी ठेवले. ‘जुलाब होईपर्यंत तासातासाला एक गोळी’ ही जुनी रीत अजून काहींच्या तोंडी आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधी १.२ आणि तासाने ०.६ मिग्रॅ एवढाच डोस जुन्या मोठ्या डोसइतका गुणकारी ठरला आणि जुलाब खूप कमी झाले. बाजारात ०.५ च्या गोळ्या असतील तिथे दोन आणि तासाने एक. मूत्रपिंड मंदावलेले असेल तर तोच कोर्स लगेच पुन्हा करायचा नाही.

कल्चर ४८ तासांनी निर्जंतुक आले. मग प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ३० मिग्रॅ रोज सकाळी, पाच दिवस, रक्तातील साखर आणि रक्तदाब पाहत. तिसऱ्या दिवशी ते जिना चढले. गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन हा तितकाच चांगला पर्याय होता. एकच सांधा असताना काहीजण तोच आधी निवडतील.

दुसरा निर्णय: मूळ औषध कधी सुरू करायचे

येथे रुग्णाशी अर्धा तास बोलणे झाले आणि बाकी सर्व उपचारांपेक्षा त्या अर्ध्या तासाचे वजन जास्त होते.

मुद्दा असा मांडला. वेदना म्हणजे झटका. रोग म्हणजे साठा. शरीराच्या तापमानाला रक्तात साधारण ६.८ मिग्रॅ/डेसिलिटरपर्यंत युरेट विरघळलेले राहते, त्यापुढे त्याचे स्फटिक बनू लागतात. पायाच्या बोटासारख्या थंड जागी आणखी आधी. म्हणून लक्ष्य ६ च्या खाली, आणि त्यांच्या कोपरासारख्या युरेटच्या गाठी असतील तर ५ च्या खाली. प्रयोगशाळेची ७.२ ही मर्यादा म्हणजे लोकसंख्येत सहसा आढळणारा आकडा, त्याचा स्फटिक विरघळण्याशी संबंध नाही. ७.० वर साठा विरघळत नाही.

वेदनाशामक, कोल्चिसिन, स्टेरॉइड झटका शमवतात आणि साठ्याला हात लावत नाहीत. ॲलोप्युरिनॉल साठा कमी करते आणि झटक्यावर काहीच करत नाही. रुग्णाने दुसऱ्या औषधाला पहिल्याच्या कसोटीवर नापास केले होते.

बाराव्या दिवशी घोटा का सुजला होता, तेही सांगितले. युरेट अचानक उतरले की सांध्यातले जुने स्फटिक सैल होतात, त्यांचे कण सुटतात आणि पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. ३०० मिग्रॅने थेट सुरुवात, सोबत कोल्चिसिन नाही, आणि असे होऊ शकते याची पूर्वसूचना नाही. झटका हा औषध लागू पडत असल्याचा पुरावा होता. तो उलट वाचला गेला.

वेळेबाबत दोन मते होती. झटका पूर्ण शमल्याशिवाय ॲलोप्युरिनॉल सुरू करू नये ही जुनी शिकवण. झटक्यातच सुरू केल्याने तो लांबत नाही असे छोट्या चाचण्यांत दिसले आहे, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत तसे करण्यास सशर्त अनुकूलता आहे. ज्यांचा पुन्हा येण्याचा भरवसा नाही, त्यांच्या बाबतीत आताच सुरू करणे शहाणपणाचे. इथे मात्र दोन आठवडे थांबले: क्रियाटिनिन स्थिरावायचे होते, आणि या रुग्णाच्या मनात गोळी व वेदना यांची तिसरी गाठ बांधायची नव्हती. (चालू असलेले ॲलोप्युरिनॉल झटका आला म्हणून थांबवायचे नाही, हा वेगळा नियम आहे आणि त्यावर दुमत नाही.)

दोन आठवड्यांनी क्रियाटिनिन १.५, ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) सुमारे ५५. युरिक ॲसिड ९.१. झटक्यातला ७.१ किती फसवा होता, ते त्यांनी स्वतःच दोन अहवाल शेजारी ठेवून पाहिले.

तिसरा निर्णय: कोणते औषध, किती

फेबुक्सोस्टॅट हे युरेट कमी करणारे दुसरे औषध चालले असते. पण २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत हृदयरोग असलेल्यांमध्ये मृत्यू अधिक दिसले आणि अमेरिकेत २०१९ पासून त्यावर ठळक इशारा आहे. २०२० च्या दुसऱ्या चाचणीत तसा धोका दिसला नाही. प्रोबेनेसिडसारखी लघवीवाटे युरेट काढणारी औषधे मूत्रपिंड मंदावल्यावर कमी पडतात. ॲलोप्युरिनॉल पहिली पसंती राहिली.

त्याची खरी भीती एकच: त्वचेची तीव्र प्रतिक्रिया. ती दुर्मीळ पण जीवघेणी असते, बहुधा पहिल्या दोन महिन्यांत येते आणि सुरुवातीच्या मोठ्या डोसशी जोडलेली असते. हान चिनी, कोरियन, थाई वंशाच्या आणि आफ्रिकन-अमेरिकन लोकांत या प्रतिक्रियेचा धोका वाढवणारे एचएलए-बी ५८०१ हे जनुकरूप आधी तपासण्याची शिफारस आहे. सुरुवात लहान हवी. ती लहान ठेवली की मूत्रपिंड मंद असले तरी पुढे डोस वाढवता येतो. ‘क्रियाटिनिन वाढले की १०० च्या वर नाही’ हा नियम १९८० च्या दशकातला. त्याने प्रतिक्रिया रोखल्याचे सिद्ध झाले नाही, मात्र असंख्य रुग्ण लक्ष्याच्या वर अडकून पडले.

ठरलेली योजना: रोज ५० मिग्रॅ, म्हणजे १०० ची अर्धी गोळी, दर चार आठवड्यांनी रक्त तपासून ५० ने वाढ, आकडा ५ खाली येईपर्यंत. सोबत कोल्चिसिन ०.५ मिग्रॅ रोज. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर गोळी त्याच दिवशी बंद करून संपर्क साधायचा. घरी प्रेडनिसोलोनचा पाच दिवसांचा साठा आणि तो केव्हा घ्यायचा याची लेखी सूचना.

रक्तदाबाची जोडगोळी बदलली. हायड्रोक्लोरोथायझाइड युरेट अडवून ठेवते. लोसार्टन थोडे बाहेर काढते. लोसार्टन ५० आणि ॲम्लोडिपिन ५ मिग्रॅ सुरू करून घरी दोन आठवडे रोज रक्तदाब नोंदवायला सांगितले. हा बदल रुग्णाने आपल्या मनाने करण्यासारखा नाही.

पथ्याचे काय

पथ्य वाया गेले नव्हते, पण त्याची ताकद मर्यादित होती. रोज तयार होणाऱ्या युरेटपैकी सुमारे दोन-तृतीयांश मूत्रपिंडावाटे आणि उरलेले आतड्यावाटे जाते, आणि बहुसंख्य गाऊट रुग्णांत दोष बाहेर टाकण्यात असतो. तो बराचसा आनुवंशिक. कडक पथ्याने आकडा साधारण एकाने उतरतो. ९.२ ला ६ खाली आणायला ते पुरत नाही. ‘खाण्यापिण्याचा रोग’ ही प्रतिमा मात्र इतकी घट्ट की रुग्ण प्रत्येक झटक्याला स्वतःची चूक मानत होते आणि दवाखान्यात जायला लाजत होते.

कडधान्ये, पालक, टोमॅटो परत आले. प्युरिनयुक्त (ज्यातून शरीरात युरिक ॲसिड बनते अशा) भाज्यांनी गाऊटचा धोका वाढत नाही, असे २००४ च्या मोठ्या निरीक्षणात दिसले. मांस आणि समुद्री अन्नाने वाढतो, कमी स्निग्धांशाच्या दुधाने घटतो. गोड रस बंद झाले, कारण फ्रुक्टोज पचताना शरीरात युरेट तयार होते. बिअर आठवड्यातून तीनदा चालू होती. ती ‘पेय’ म्हणून पथ्याच्या यादीत कुणी धरलीच नव्हती! वजन सावकाश कमी करायचे ठरले. कडक उपवास टाळायला सांगितले: उपाशीपोटी तयार होणारी कीटोन द्रव्ये मूत्रपिंडात युरेटची वाट अडवतात आणि झटका येतो.

काय घडले

आकडे चार-चार आठवड्यांनी असे उतरले: ५० वर ८.४, १०० वर ७.६, १५० वर ७.०, २०० वर ६.४, २५० वर ५.८, ३०० वर ५.३ आणि ३५० वर ४.८. एकूण २८ आठवडे.

नवव्या आठवड्यात घोटा सुजला. या वेळी फोन आला तो ‘गोळी थांबवू का’ असा नव्हता. ‘घरी ठेवलेले प्रेडनिसोलोन आज सुरू केले, गोळी चालूच आहे’ असा होता. चार दिवसांत उतरले. अठराव्या आठवड्यात अंगठ्याला सौम्य झटका आला, तो शेवटचा.

चौदाव्या आठवड्यात मोठा अपघात थोडक्यात टळला. घशाच्या संसर्गासाठी दुसरीकडे क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले गेले. ते कोल्चिसिन शरीराबाहेर टाकणारी वाट बंद करते. मूत्रपिंड मंद असलेल्या रुग्णांत या जोडीने मृत्यू झाले आहेत. औषध देणाऱ्याने चालू गोळ्यांची यादी विचारली म्हणून ते लक्षात आले आणि औषध बदलले. दोष रुग्णाचा नव्हता. त्यांना दिलेल्या लेखी सूचनेत पुरळाचा इशारा होता, हा नव्हता.

दहाव्या महिन्यात कोल्चिसिन थांबवले: लक्ष्य गाठून तीन महिने, झटका नाही. तेराव्या महिन्यात आकडा अचानक ८.१. दातांच्या छोट्या शस्त्रक्रियेआधी काही गोळ्या थांबवल्या होत्या, त्यांत ॲलोप्युरिनॉलही थांबली आणि पुन्हा सुरू करायला कुणी सांगितले नाही. तीन आठवडे गेले. २०० पासून सुरू करून दोन आठवड्यांनी ३५० वर, आणि महिनाभर कोल्चिसिनची सोबत. झटका आला नाही.

चोवीस महिन्यांनी: वजन ८३, युरिक ॲसिड ४.७, कोपराची गाठ ६ मिलिमीटर, क्रियाटिनिन १.४. शेवटच्या आकड्याचे श्रेय ॲलोप्युरिनॉलला देण्याचा मोह टाळावा. गाऊट नसलेल्या मूत्रपिंड रुग्णांवरील २०२० च्या चाचण्यांत त्याने मूत्रपिंडाची घसरण मंदावली नाही. इथे डायक्लोफेनाक सुटले, हेच कारण अधिक पटते.

वेगळे काय करता आले असते

दुसऱ्या झटक्यात अंगठ्यातून थेंबभर द्रव काढला असता, किंवा शमल्यावर तीन आठवड्यांनी रक्त तपासले असते, तर सहा-सात वर्षे वाचली असती. कोपराची गाठ कुणीतरी हात लावून पाहायला हवी होती. रुग्णाला ती दाखवण्यासारखी वाटतच नव्हती, कारण दुखत नव्हती.

पन्नासच्या टप्प्याने जाणे जरा जास्तच सावध होते. हे रुग्ण पूर्वी ३०० मिग्रॅ बारा दिवस पुरळाशिवाय घेऊन बसले होते. २०० नंतर शंभराने वाढवले असते तर सुमारे महिना कमी लागला असता. उलट, दोन झटक्यांवरच भागले याचे श्रेय त्याच सावधपणाला देता येईल. दोन्ही बाजूंनी बोलता येते.

चाचणीचे वेळापत्रक मात्र कुणी तरी धरून ठेवावे लागते, आणि तो कुणी डॉक्टरच असायला हवा असे नाही. ब्रिटनमधील २०१८ च्या चाचणीत प्रशिक्षित परिचारिकांनी समजावून सांगत डोस वाढवला तेव्हा दोन वर्षांनी ९५ टक्के रुग्ण लक्ष्याखाली होते; नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत ३० टक्के.

उरलेले दोन प्रश्न

रुग्णाच्या धाकट्या भावाच्या तपासणीत युरिक ॲसिड ७.८ आले, झटका कधीच नाही. त्यांनी घरातली उरलेली ॲलोप्युरिनॉल सुरू केली होती. ती बंद करायला सांगितली. नुसता आकडा वाढलेला असणे म्हणजे गाऊट नव्हे. १० किंवा त्याहून अधिक असलेल्यांतही १५ वर्षांत सुमारे निम्म्यांनाच गाऊट होतो. त्यांना वजन, रक्तदाब आणि क्रियाटिनिन पाहण्याचा सल्ला दिला, आणि अंगठा सुजला तर त्याच दिवशी यायला सांगितले.

दुसरा प्रश्न रुग्णाचा स्वतःचा: ‘आता वर्ष-दीड वर्ष काही नाही, थांबवू का?’ गाठ अजून ६ मिलिमीटर आहे, म्हणजे साठा शिल्लक आहे. आणि मूत्रपिंडाचा युरेट टाकण्यातला दोष गेलेला नाही. दातांच्या वेळी तीन आठवड्यांत ४.८ चे ८.१ झाले, तो अहवाल त्यांच्याच फायलीत होता. ३५० मिग्रॅ चालू ठेवले आहे, दर सहा महिन्यांनी युरिक ॲसिड आणि क्रियाटिनिन.